तळव्याचे फोड आणि केराटिनच्या सळया

‘फोड येतात ना, मग पळू नकोस’ हा सल्ला एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स (जरा घासले तरी कातडीवर फोड येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना सगळेच देतात. पण बसून राहिले की स्नायू आणि हाडे कमजोर होतात, आणि फोड टाळण्याच्या वाटा तर आहेत. त्यासाठी फोड येतो कसा ते पाहू.

पाऊल टेकले की तळव्याची कातडी मोज्याला चिकटून थांबते, आतले हाड मात्र पुढे सरकत राहते. मधल्या थरांना तिरपी ओढ बसते. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या पेशींमध्ये ही ओढ पेलतात केराटिन 5 आणि केराटिन 14 या प्रथिनांचे, जेमतेम 10 नॅनोमीटर जाडीचे तंतू. काँक्रीटमधल्या सळयाच म्हणा. यातल्या एका प्रथिनाचे जनुक बिघडले की पेशी आतूनच फाटते आणि फटीत पाणी भरते. हा संबंध 1991मध्ये उघड झाला. जनुकाची दुसरी प्रत बहुधा धडधाकट असते, तरी उपयोग होत नाही: सदोष प्रथिन चांगल्याबरोबर त्याच तंतूत विणले जाते आणि अख्खा तंतू कच्चा राहतो. (आईने ग्रहणात भाजी चिरल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आजार संसर्गजन्यही नाही.)

उन्हाळ्यात फोड वाढतात. घामाने ओलसर झालेली कातडी कोरड्यापेक्षा जास्त चिकटते, म्हणजे ओढही वाढते. म्हणून चालायचे ते सकाळी, थोडे थोडे, मध्ये बसून. तळव्यांना कॉर्नफ्लॉवर लावावे, पण उघड्या जखमेवर नाही. मोजे दोन घालावेत, म्हणजे सरकणे कातडीऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. आतला मोजा उलटा, शिवण बाहेर. पोहणे उत्तम, कारण पाण्यात तळव्यांवर भार जवळजवळ नसतो. तलावाच्या खरबरीत काठावर मात्र मऊ चपला हव्यात. सायकलला जाड गादीची सीट आणि मऊ मुठी लावाव्यात. कबड्डी, कुस्ती नको.

तरीही फोड आलाच तर ‘आपोआप बसेल’ म्हणून थांबू नये. आतल्या पाण्याच्या दाबाने तो कडेकडेने पसरत जातो. निर्जंतुक सुईने सर्वांत खालच्या बाजूला टोचावे, स्वच्छ गॉजने हलके दाबून पाणी काढावे. वरची कातडी सोलू नये, तीच जखमेचे झाकण असते. वर न चिकटणारे सिलिकोन ड्रेसिंग ठेवावे. साधी चिकटपट्टी काढताना नवी जखम होते.

हे सगळे सिम्प्लेक्स प्रकारापुरते. याच आजाराच्या डिस्ट्रॉफिक प्रकारात दोष कोलॅजन 7 या वेगळ्या प्रथिनात असतो, जखमा व्रण ठेवून भरतात, बोटे आखडतात, रक्तक्षयही होतो. तिथे व्यायाम ठरवण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे आणि फिजिओथेरपिस्टला विचारावे.