जाईच्या सुगंधातली घाण

जाईच्या सुगंधात इंडोल नावाचं एक रसायन असतं. तेच विष्ठेतही असतं. अगदी थोडं असलं तर फुलाची आठवण येते, जास्त झालं की नाक दाबावं लागतं. रेणू तोच, मग वास बदलतो कसा?

‘एक वास, एक कुलूप’ असं चित्र आपल्या मनात असतं. ते चुकीचं आहे. नाकाच्या पोकळीच्या छताला लाखो गंधपेशी असतात आणि त्यांच्यावर वास पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली. २००४ चं नोबेल त्याचंच. माणसात ग्राहींचे प्रकार सुमारे ४००, आणि एका पेशीवर साधारणपणे एकच प्रकार.

पण एक रेणू अनेक ग्राहींना चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. म्हणजे ग्राही ही अक्षरं आणि वास हा शब्द. इंडोल वाढलं की एरवी गप्प असलेले ग्राहीही बोलू लागतात, अक्षरं वाढतात, शब्दच बदलतो!

पुढची गंमत मला याहून आवडते. एकाच ग्राहीच्या पेशी नाकाच्या छताच्या अस्तरात विखुरलेल्या असतात, पण त्यांचे तंतू कवटीच्या हाडातल्या छिद्रांतून वर घ्राणकंदात, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या केंद्रात, जातात आणि ठरावीक गाठींवरच एकत्र येतात. तिथे वासाचा चक्क नकाशा तयार होतो. त्यापुढच्या पिरिफॉर्म बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या वास ओळखणाऱ्या भागात, मात्र हा नकाशा विस्कटतो: तिथली प्रत्येक पेशी अनेक गाठींची सरमिसळ ऐकते. कुठली सरमिसळ म्हणजे कुठला वास, हे बरंचसं अनुभवातून ठरतं.

दृष्टी किंवा श्रवणासारखा वासाला आधी थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा, टप्पा लागत नाही. मेंदूतल्या भावनांशी निगडित अमिग्डाला या भागापर्यंतची वाटही जवळची. त्यावरून ‘थेट मेंदूवर काम करणारी’ सुगंधी तेलं रोग बरे करतात म्हणून विकली जातात. वाट जवळची आहे, एवढ्याने औषध होत नाही.

गंधपेशी काही आठवड्यांत-महिन्यांत मरतात आणि नव्या येतात. नव्या पेशीच्या तंतूला नेमकी तीच गाठ शोधावी लागते. उंदरांमध्ये ग्राहीचं जनुक बदलून पाहिलं, तर तंतू दुसऱ्याच ठिकाणी पोचले. म्हणजे वास पकडणारं प्रथिनच वाटही दाखवतं.