सोफा भिंतीला टेकवू नका

टीव्हीसमोर बसायची जागा करायची म्हटली की पहिलं काम ठरलेलं: सोफा ढकलत नेऊन मागच्या भिंतीला टेकवायचा. खोली मोठी दिसते, वावरायला जागा राहते. तक्रारी नंतर सुरू होतात. पडद्यावर स्फोट झाला की सगळं घुमतं, आणि पात्रं बोलायला लागली की शब्द कळत नाहीत म्हणून रिमोट हुडकावा लागतो. बोल लावला जातो स्पीकरला. बऱ्याचदा तो बिचारा निर्दोष असतो.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार, हे आपण शाळेत शिकलो. 20 अंश सेल्सिअसला ते सेकंदाला साधारण 343 मीटर वेगाने पसरतात. म्हणजे 34 हर्ट्‌झच्या खोल खर्जाची तरंगलांबी झाली सुमारे 10 मीटर. खोली 5 मीटर लांब असेल तर तिच्यात बरोबर अर्धी लहर मावते. ती भिंतीवर आपटून परतते, जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळतात आणि कमी-जास्त दाबाच्या जागा खोलीत पक्क्या ठरून जातात. हा स्थिर तरंग.

आता खरी गंमत. भिंतीलगतच्या हवेला पुढेमागे सरकायला वावच नसतो. सरकता येत नाही म्हणून ती दाबली जाते, आणि दाबाचा चढउतार तिथेच सर्वांत जास्त होतो. खोलीच्या मध्यावर नेमकं उलटं: हवा जोरात हलते, पण दाब जेमतेम बदलतो. आपला कान टिपतो तो दाब. त्यामुळे भिंतीला डोकं टेकून बसलेल्याला 34 हर्ट्‌झ दणदणीत ऐकू येतो आणि मध्यावर बसलेल्याला जवळपास येतच नाही. स्पीकर तोच, आवाजाची पातळीही तीच!

याच खोलीत 69 हर्ट्‌झला दोन अर्ध्या लहरी मावतात, 103 ला तीन, 137 ला चार. प्रत्येकीच्या कमी दाबाच्या जागा निराळ्या. पण भिंतीपाशी प्रत्येकीचा दाब कमाल असतो, याला अपवाद नाही. म्हणजे भिंतीला टेकलेला सोफा हा खोलीतले सगळे घुमारे एकदम ऐकण्याची हमखास जागा आहे.

मग किती पुढे यायचं? भिंतीपासूनच्या अंतराला खोलीच्या लांबीने भागा, 180 अंशांनी गुणा, अर्ध्या लहरींच्या संख्येने गुणा आणि येईल त्या कोनाचा कोसाइन घ्या. चिन्ह सोडून द्या. उरेल तो आकडा म्हणजे भिंतीपाशी असलेल्या दाबाचा तिथे उरणारा हिस्सा. एक तृतीयांश अंतरावर पहिल्या लहरीचा कोन 60 अंश, दुसरीचा 120. दोन्हींचा दाब भिंतीपाशी असतो त्याच्या निम्मा. म्हणजे 6 डेसिबलची घट, फुकटात. तिसरी मात्र इथे पूर्ण जोरात असते. सगळ्या लहरींना एकदम गप्प करणारी जागा कोणत्याच खोलीत नसते.

एवढी जागा नसेल तर निदान 40 सेंटिमीटर पुढे या. 34 हर्ट्‌झला त्याने ढिम्म फरक पडणार नाही (कोसाइन 0.97). पण 137 हर्ट्‌झला दाब जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि पुरुषांच्या आवाजाचा पाया याच सुमाराला असतो. पिंपातून आल्यासारखे वाटणारे संवाद त्यामुळे सुधारतात.

यावर भिंतीला पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. पण अशी सच्छिद्र वस्तू ध्वनी शोषते ती हलणाऱ्या हवेला अडवून, आणि हवा सर्वाधिक हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. 34 हर्ट्‌झसाठी ते अंतर अडीच मीटर! दोन सेंटिमीटरच्या फोमने टाळीची खणखण कमी होईल, खर्ज हसत पार निघून जाईल.

डोळ्यांचा हिशेबही सोफा पुढे घ्या असंच सांगतो. 55 इंची टीव्ही सुमारे 1.22 मीटर रुंद असतो. 5 मीटरवरून तो डोळ्यांपुढे जेमतेम 14 अंश व्यापतो. चित्रपटासाठी 30 अंशांच्या आसपास बरं मानतात, म्हणजे अंतर सव्वादोन मीटर. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा कळतो. 5 मीटरवरून या टीव्हीवर फुल एचडी चित्राचा एकेक ठिपकाही त्याहून बारीक भासतो. त्यामुळे तिथून फुल एचडी आणि त्याहून बारीक ठिपक्यांचं फोर-के यांच्या रेखीवपणातला फरक दिसणारच नाही, जाहिरात काहीही म्हणो.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, असेल तर एक मजेशीर युक्ती आहे. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी दोघांमधल्या मार्गाचा परिणाम तोच राहतो, याला व्यतिहाराचं तत्त्व म्हणतात. म्हणून सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा. खर्जात एकेक पायरी उतरणारे सूर लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारख्या जोराचे वाटतील, ती सबवूफरची जागा. सोफा हलवला की मात्र पुन्हा रांगावं लागतं.