इन्सुलिनची ‘सवय’ लागते?

ठाण्यातल्या मासुंदा तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘एकदा इन्सुलिन टोचलं की सवय लागते, मग सुटका नाही.’ आमच्या नौपाड्यातल्या एका काकांनी याच धास्तीने दोन वर्षं इंजेक्शन टाळलं.

सवय तंबाखूची लागते. इन्सुलिन तर आपलंच स्वादुपिंड बनवतं. ते रक्तातली साखर पेशींत शिरू देतं आणि यकृताला जादा साखर सोडू देत नाही. टाइप २ मधुमेहात वर्षं सरतात तशी ही निर्मिती मंदावते, गोळ्या पुरेनाशा होतात. म्हणजे गरज वाढते ती आजारामुळे, सुईमुळे नव्हे. गरोदरपणातल्या मधुमेहात बाळंतपणानंतर ते बहुतेकदा बंदही होतं. टाइप १ मध्ये, जिथे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, ते मात्र कायम लागतं.

धास्ती घ्यायचीच तर सिरिंजची घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची बाटली मिळते, तशी 100 युनिटचीही. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. 100 ची बाटली लाल सिरिंजने ओढलीत तर अडीचपट डोस जातो!

घाम फुटला, हात थरथरले, रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक रुग्णालय गाठा.

आणि हो, न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.