मेंदूची गंगाजळी आणि ‘शिक्षण किती?’ हा रकाना

वाशी-कोपरखैरणे भागात स्ट्रोकच्या पेशंटचा केसपेपर उघडला की नाव, वय, उजवा हात की डावा, यांच्या खाली एक छोटा रकाना असतो: शिक्षण. तिथे ‘चौथी’, ‘सातवी’ किंवा नुसतं ‘नाही’ लिहिलेलं असतं. स्पीच थेरपीच्या कामात हा रकाना मी रोज पाहते. त्यावरून माणूस किती सुधारेल याचा अंदाज बांधायची पद्धत फार जुनी नाही. १८६१ मध्ये पॅरिसमधल्या एका डॉक्टरने वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तेव्हापासून शंभरेक वर्षं लक्ष होतं ते इजा कुठे आणि केवढी झाली यावर. ती कुणाला झाली, हा प्रश्न बराच नंतर आला.

तो आलाही स्ट्रोकच्या वॉर्डातून नाही, शवविच्छेदनाच्या टेबलावरून. १९८८ मध्ये अमेरिकेत एका वृद्ध-शुश्रूषागृहातल्या १३७ रहिवाशांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या १० जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा पुरेपूर होत्या, पण जिवंतपणी ही माणसं तल्लख होती. त्यांचे मेंदू वजनाला जास्त भरले आणि त्यांत मोठ्या पेशीही जास्त सापडल्या. बहुधा यांच्याकडे मुळातच जास्त शिल्लक, म्हणजे मेंदूची गंगाजळी, असावी, असा तर्क मांडला गेला.

ही शिल्लक जिवंत माणसात मोजायची कशी? इथे जो निर्णय झाला, त्याचे परिणाम आमच्या ओपीडीपर्यंत पोचले आहेत. १९९४ मध्ये उत्तर मॅनहॅटनमधल्या ५९३ वृद्धांचा अभ्यास आला. आठपेक्षा कमी वर्षं शिकलेल्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका साधारण दुप्पट दिसला. कमी दर्जाचे मानले जाणारे व्यवसाय केलेल्यांमध्येही तसंच आढळलं. शाळेची वर्षं विचारायला सोपी, लिहायला सोपी, आकडेमोडीला सोपी. त्यामुळे पुढच्या अभ्यासांत मेंदूच्या शिल्लकेचं माप म्हणून बहुतेक वेळा तीच वापरली गेली. अमेरिकेतल्या शहरात हे माप काही अंशी चालतही असेल. पण जिथे शाळा गावात होती की नाही, मुलीला पाठवायची की नाही, हे दुसरंच कुणीतरी ठरवत होतं, तिथे ही वर्षं मेंदूबद्दल कमी आणि गावाबद्दल जास्त सांगतात.

डोक्याला मार लागलेल्यांबाबत सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो २०१४ च्या अभ्यासाचा. मध्यम ते गंभीर इजा झालेले ७६९ रुग्ण, इजेनंतर एक वर्षाने तपासलेले. बारापेक्षा कमी वर्षं शिकलेल्यांपैकी ९.७ टक्के पूर्ण अपंगत्वमुक्त झाले होते, बारा ते पंधरा वर्षंवाल्यांपैकी ३०.८ टक्के आणि सोळा किंवा जास्त वर्षंवाल्यांपैकी ३९.२ टक्के. आकडे खरे आहेत आणि फरक मोठा आहे. पण ‘अपंगत्वमुक्त’ ठरवणाऱ्या मोजपट्टीत माणूस कामाला लायक आहे का, हाही एक मुद्दा आहे. हाताला थोडा कमजोरपणा राहिलेला लेखनिक टेबलावर परत बसू शकतो. तेवढाच कमजोरपणा राहिलेला माथाडी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊ शकत नाही. सुधारणा दोघांची सारखी झाली तरी मोजपट्टीवर दोघे वेगळे दिसू शकतात.

नवी मुंबईत हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही. १९७० मध्ये या शहराची आखणी सुरू झाली ती ९५ गावांच्या जमिनीवर. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी करणारे आगरी-कोळी इथले मूळचे रहिवासी. नंतर मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इथे हलला आणि त्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी आले. आज स्ट्रोकच्या वयात असलेली ही पिढी शाळेत फार थोडी गेली. पण त्यांच्या घरात एक बोली, शाळेत आणि कचेरीत दुसरी, व्यापाऱ्याशी हिंदी, कित्येकदा गुजरातीही. ‘चौथी’ या एका शब्दात यातलं काहीच येत नाही.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. जन्मभर मासळी विकलेली, शाळा नाहीच. उजवी बाजू लुळी, शब्द अडखळत. आधीच्या रुग्णालयाच्या कागदावर स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या तीस गुणांच्या चाचणीत १४ गुण आणि खाली शेरा: ‘मर्यादित सुधारणा अपेक्षित’. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी ती चाचणी. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, छापलेली सूचना वाचायची असते, एक वाक्य लिहायचं असतं, पंचकोन काढायचे असतात. मी वजाबाकी विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, “मना नाय येत, बाय.” मग मी विचारलं, आज भरती किती वाजता? त्यांनी डाव्या हाताची बोटं अंगठ्याने मोजली. “दशमी. साडेसात.” चौदसला? जरा थांबून, “साडेधा.” तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळीवाड्यातला हिशेब. दहाची पाऊणपट साडेसात, चौदाची साडेदहा. पाऊणकीचा पाढा त्या कुठल्याही वर्गात बसून शिकल्या नव्हत्या. लक्ष एका जागी ठेवून मनात आकडे फिरवणं, हेच तर ती वजाबाकी तपासते.

हा पेच आपल्याकडे पूर्वी ओळखला गेलेला आहे. १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी त्याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं होतं, आणि वारांची नावं उलटी म्हणायची होती. पुढे २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांच्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांमध्येही टिकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात हाच निष्कर्ष सर्वांत वजनदार आहे, कारण शाळा वजा केल्यावरही शिल्लक उरते हे त्याने दाखवलं. त्याच शहरातल्या ६०८ स्ट्रोक रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला: स्ट्रोकनंतर आकलन शाबूत राहिलेले बहुभाषिकांत ४०.५ टक्के, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. दोन भाषा आल्या म्हणून बोलणं वाचतं असं नाही, हे मला नातेवाइकांना स्पष्ट सांगावं लागतं.

शब्दाचाही गुंता आहे. मेंदूच्या या शिल्लकेला ‘राखीव क्षमता’ म्हटलं की घरच्यांच्या मनात राखीव जागा येतात. मी ‘गंगाजळी’ म्हणते, ते लगेच समजतं, पण तेही पुरतं बरोबर नाही. २०२० मध्ये जाणकारांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: मेंदूत मुळात किती पेशी आणि जोडण्या आहेत, त्या वयाबरोबर किती जपल्या गेल्या, आणि इजा झाल्यावर उरलेल्यांतून काम निभावून नेण्याची हातोटी. गंगाजळी ही पहिलीच झाली. तिसरी म्हणजे ठाणे-बेलापूर रस्ता तुंबला की गावठाणातल्या गल्ल्यांतून वाट काढणारा रिक्षावाला. स्ट्रोकनंतर आमचं काम चालतं ते मुख्यतः या तिसरीवर.

दरम्यान मोजमापं सुधारली, पण अर्धवट. २०१२ मध्ये इटलीत शिक्षणासोबत व्यवसाय आणि फावल्या वेळातले उद्योगही धरणारी प्रश्नावली आली. तीत अंगमेहनतीचं काम सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. २०२० मध्ये आपल्या देशात बहुभाषिक चाचणीसंच प्रसिद्ध झाला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती.

मावशींच्या केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेन्सिलने लिहिलं: कोळी, मराठी, हिंदी. चाळीस वर्षं रोजचा हिशेब तोंडी. उधारी लक्षात. भरतीची वेळ बरोबर, दोनदा. आठवड्याला तीन सेशन.