कोरडी मोटर आणि रबराची सहा पाती

होडीची आउटबोर्ड मोटर जमिनीवर स्टँडला अडकवलेली. एक जण दोरी खेचतो, मोटर धडधडू लागते आणि तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, “मिनिटभर पाण्याशिवाय चालली तर काही होत नाही, एवढ्यात इंजिन तापत नसतं.” असा एक व्हिडिओ नुकताच पाहिला. इंजिनाबद्दल तो फारसा चुकत नाही. एवढा धातू तापायला वेळ लागतोच. पण तेवढ्या मिनिटात पंपाचं काय झालं, हे त्याने उघडून पाहिलं नाही.

या मोटरला बहुधा रेडिएटर नसतो. प्रोपेलरच्या वर असलेल्या जाळीतून बाहेरचंच पाणी आत येतं, इंजिनाभोवती फिरतं आणि परत बाहेर पडतं. ते चढवणारा पंप इंजिन फिरवतं त्या उभ्या शाफ्टवरच, म्हणजे दांड्यावरच, बसवलेला. इंजिन न्यूट्रलमध्ये असलं तरी तो फिरणारच.

हा पंप माझा भारी आवडता. आत रबराचा इंपेलर, म्हणजे पाण्याला ढकलणारं पात्यांचं चाक, लहान मोटरीत तळहातावर मावेल एवढा, साधारण सहा पात्यांचा. ज्या गोल घरात तो फिरतो त्याच्या बरोबर मध्यावर तो नसतो, मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे एकीकडे पाती भिंतीला दाबून वाकतात, दुसरीकडे सरळ होतात. पाती सरळ होताना दोन पात्यांमधला कप्पा मोठा होतो, दाब घटतो, पाणी आत ओढलं जातं. पुढे पाती वाकली की कप्पा आक्रसतो आणि पाणी वर ढकललं जातं. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाती वाकलेलीच राहतात, भिंतीपासून सुटतात, आणि तोच पंप अपकेंद्री पंपासारखा, म्हणजे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपासारखा, वागतो. रबराच्या एका तुकड्यात दोन पंप!

मंद वेगात मात्र पाती भिंतीला सतत घासतात. मध्ये पाण्याचा पातळ थर असतो म्हणून निभावतं, तेच त्यांचं वंगण. पाणी नसेल तर काही सेकंदांतही कडा भाजू लागतात, पुढे तुकडे पडतात. ते वरच्या अरुंद वाटांत अडकतात आणि इंजिन तापतं ते नंतर, ऐन पाण्यात.

थोडं गणित. 10 अश्वशक्ती म्हणजे साधारण 7.5 किलोवॉट. जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात जाते असं धरू. पाणी 30 अंशांनी तापू द्यायचं तर सेकंदाला 60 ग्रॅम, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटरहून थोडं जास्त पाणी लागतं. मंद वेगात याहून बरंच कमी.

म्हणून जमिनीवर तपासताना जाळीवर दोन्ही बाजूंनी नळाच्या नळीला जोडलेल्या रबरी वाट्या बसवायच्या, नळ आधी सोडायचा, इंजिन मग. किंवा जाळी पूर्ण बुडेल असं भरलेलं पिंप. हे सगळं उघड्यावर, प्रोपेलर काढून, मंद वेगात. भार नसताना रेस दिली तर इंजिन बेफाम पळतं. वरच्या बाजूला नळी जोडायचं वेगळं तोंड असेल तर पुस्तिका वाचा. बऱ्याच मोटरींत ते इंजिन बंद ठेवून धुण्यासाठी असतं, कारण तिथलं पाणी पंपाच्या पुढे शिरतं. पंप कोरडाच राहू शकतो.

इंजिन चालू असताना मोटरीच्या कडेच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते का बघा. नाही आली तर इंजिन लगेच बंद करा आणि भोकात पातळ तार घाला. पुष्कळदा चिखल किंवा मीठच निघतं. पण धार आली म्हणजे पंप पाणी चढवतोय, एवढंच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकला तरी अनेक मोटरींत धार जोरात येते.

नळीला चुंबक बांधला की मीठ बसत नाही, असंही कोणी सांगेल. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि गोड्या पाण्याने धुतल्यावर ते निघतात. चुंबक फ्रिजच्या दाराला लावावा.

वर्षभर पडून राहिलेल्या मोटरीतला इंपेलर एकदा काढून पाहिला होता. टेबलावर ठेवला तरी एका बाजूची तीन पाती तशीच वाकलेली, बोटाने सरळ केली की पुन्हा वाकणारी. मोटर त्या वर्षात एकदाही चालली नव्हती.