अथणीची कोल्हापुरी ‘डुप्लिकेट’ नाही

‘ही अथणीची आहे, ओरिजिनल नाही,’ असं चप्पल हातात घेऊन ऐकवणारे भरपूर. हे साफ चूक. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं जीआय (भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव) मानांकन दोन राज्यांचं आहे: इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यातच येते. तिथेही तेच कमावलेलं चामडं, तीच हाताने घातलेली बारीक वेणी. रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ मात्र खुशाल नकली म्हणा.

आणखी एक. मानांकन ‘कोल्हापुरी’ या नावाला मिळतं, चपलेच्या घाटाला नाही. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच सँडल दाखवल्या, पण ‘कोल्हापुरी’ म्हटलं नाही. संताप रास्तच, जीआयचा हात मात्र तिथे तोकडा.