कुत्र्याचं नाव विचारणारी मुलाखत

लैंगिक अत्याचाराचा संशय आला की मुलाला तीच गोष्ट किती जणांना सांगावी लागते? आधी घरच्यांना, मग शिक्षिकेला, पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना आणि शेवटी न्यायालयात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलमधले सरकारी वकील बड क्रेमर यांना ही फरफट खटकली. त्यांच्या पुढाकाराने 1985 मध्ये तिथे पहिलं ‘चाइल्ड ॲडव्होकसी सेंटर’ उभं राहिलं. मुलाने सगळ्यांच्या दारात जाण्याऐवजी सगळ्यांनी मुलाकडे यावं, अशी ती व्यवस्था होती. आज अमेरिकेत अशी 900 हून अधिक केंद्रं आहेत.

पण माझ्या मते या केंद्रांचं खरं महत्त्व एका छताखाली सोय होण्यापेक्षा तिथल्या प्रश्नांमध्ये आहे.

1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचा खटला खूप गाजला. मुलांनी तिथल्या शिक्षकांवर लैंगिक अत्याचाराचे तऱ्हेतऱ्हेचे आरोप केले, खटला वर्षानुवर्षं चालला आणि 1990 मध्ये तो संपला तेव्हा एकावरही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. मुलं खोटारडी होती का? संशोधकांनी मुलांना सोडून मुलाखतींकडे पाहिलं. 1998 च्या एका प्रयोगात एक पाहुणा लहान मुलांना गोष्ट सांगून गेला. आठवड्याने मुलांना त्याने न केलेल्या गोष्टींबद्दल विचारलं. नुसतं सूचक प्रश्न विचारल्यावर मुलांनी चुकीचा ‘हो’ म्हणण्याचं प्रमाण 17 टक्के होतं. मॅकमार्टिन प्रकरणातली तंत्रं वापरल्यावर, म्हणजे ‘बाकीच्यांनी तर सांगितलं’ असं म्हणणं, हवं ते उत्तर आलं की शाबासकी आणि नाही आलं की नाराजी, हे प्रमाण 58 टक्क्यांवर गेलं. तेही काही मिनिटांत! मोठ्यांना काय ऐकायचंय, हे मुलं चटकन ओळखतात. याचा फटका दोन्हीकडून बसतो: निरपराध माणूस अडकू शकतो आणि खरा गुन्हेगार ‘मुलाला पढवलंय’ म्हणत सुटू शकतो.

म्हणून केंद्रातली खोली मुद्दाम साधी ठेवतात. दोन खुर्च्या, फारशी खेळणी नाहीत, कोपऱ्यात कॅमेरा. पोलीस, सरकारी वकील आणि समाजसेविका शेजारच्या खोलीत पडद्यावर पाहत बसतात. आत मुलासोबत एकच प्रशिक्षित मुलाखतकार. ती आधी विचारते, “माझ्या कुत्र्याचं नाव काय?” मूल अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. मग ती समजावते, “तुला माहीत नाही ना? मग ‘माहीत नाही’ असंच म्हण. आणि मी काही चुकीचं बोलले तर मला सांग.” त्यानंतर वाढदिवसासारख्या एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल बोलून मुलाला सविस्तर सांगायचा सराव होतो. मुख्य विषयावर आल्यावर “त्या काकांनी तुला हात लावला ना?” असं विचारायचं नाही. “काय झालं ते पहिल्यापासून सांग,” आणि मग “पुढे काय झालं?” आठवणीतून मोकळेपणी सांगितलेला तपशील ‘हो-नाही’ उत्तरांपेक्षा बराच भरवशाचा असतो, हे मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांच्या कामातून वारंवार दिसलं आहे.

वैद्यकीय तपासणीबद्दल मोठा गैरसमज आहे. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शरीरावर काहीच खूण सापडत नाही. तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे काही घडलंच नाही, असं होत नाही. त्यामुळे मुलाचं बोलणं हाच अनेकदा मुख्य पुरावा ठरतो. समुपदेशनाची सोय याच केंद्रांतून होते.

आइसलँडने 1998 मध्ये ‘बार्नाहूस’, म्हणजे मुलांचं घर, सुरू करून आणखी एक पाऊल टाकलं. तिथली मुलाखत न्यायाधीशांच्या देखरेखीखाली होऊन तीच साक्ष धरली जाऊ शकते.

आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला असावी, असंही त्यात आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये देशभर मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारण्याचे निर्देश दिले. तरी पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी आणि न्यायालय ही साखळी मुलाच्या वाट्याला येतेच.

आणि पहिली मुलाखत बहुधा घरातच होते. मूल काही बोललं तर खोदून विचारू नये, आरोपीला समोर बोलावून शहानिशा तर मुळीच करू नये. “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” इतकं म्हणावं, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि पोलिसांना किंवा 1098 या हेल्पलाइनला कळवावं. पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे आणि त्यासाठी पुरावा हातात असावा लागत नाही.